नकली गाडीला असली पैसे

"अरे, नकली गाडीला असली पैसे?"

बाबांचं हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी किमान पन्नास वेळा ऐकलंय. फोनवर, व्हिडिओ कॉलवर, आणि गेल्या उन्हाळ्यात ते इथे आले तेव्हा समोरासमोर. प्रत्येक वेळी मी काहीतरी उत्तर दिलं आणि प्रत्येक वेळी ते मलाच पटलं नाही. आज शनिवार आहे, बाहेर नेहमीसारखा बर्मिंगहॅमचा पाऊस आहे, गाडी गॅरेजमध्ये आहे. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढू.

तर झालं असं, की मी एक गाडी घेतली. खरं म्हणजे अर्धी गाडी. उरलेली अर्धी आमच्या टीममधल्या टेस्टरची आहे. हा माणूस पन्नाशी कधीच ओलांडलेला, वेल्सचा, आणि माझ्या कोडमधले बग शोधण्यात त्याला जो आनंद होतो तो बघून मी त्याला मनातल्या मनात टेस्टरकाका म्हणतो. गाडीचं नाव लान्चिया स्ट्रॅटोस. म्हणजे, स्ट्रॅटोससारखी दिसणारी, कुणीतरी आपल्या घरामागच्या शेडमध्ये किट आणून जोडलेली गाडी. रेप्लिका. बाबांच्या भाषेत नकली.

ज्यांना स्ट्रॅटोस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण ते सोडणार नाहीत हे मला माहीत आहे. :) )

१९७० च्या तुरीनच्या मोटार प्रदर्शनात बेर्तोने या डिझाईन कंपनीने 'स्ट्रॅटोस झीरो' नावाचा एक प्रकार मांडला. मार्चेल्लो गांदिनी हा त्याचा डिझायनर, लँबोर्गिनी मिउरा आणि काउंताश ज्याने काढल्या तोच. उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर! आत शिरायचं तर पुढची काच उचलून. नुच्चिओ बेर्तोने ही गाडी स्वतः चालवत लान्चियाच्या कारखान्यात गेला आणि फाटकावरचा आडवा दांडा वर करायला न लावता सरळ त्याच्या खालून आत शिरला, अशी गोष्ट गाडीवेडे लोक आजही रंगवून सांगतात. त्या भेटीतून पुढे जी गाडी निघाली ती स्ट्रॅटोस एचएफ. तोपर्यंत रॅलीवाले काय करायचे, तर रस्त्यावरची साधी गाडी घ्यायचे आणि तिला ठोकून-पिटून रॅलीसाठी तयार करायचे. लान्चियाच्या रॅली टीमचा प्रमुख चेझारे फिओरिओ याने उलटं केलं. आधी रॅलीची गाडी बनवायची, आणि नियमापुरत्या रस्त्यावरच्या बनवायच्या. नियम पाचशेचा होता. प्रत्यक्षात ४९२ च बनल्या असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं.

सीटच्या मागे आडवं बसवलेलं फेरारी डिनोचं २४१८ सीसीचं व्ही-६ इंजिन, रस्त्यावरच्या गाडीला १९० हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत. १९७४, ७५, ७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद. सांद्रो मुनारीने मोंते कार्लो रॅली १९७५ ते ७७ लागोपाठ तीनदा जिंकली ती याच गाडीत. १९७९ मध्ये बेर्नार दार्निशने याच गाडीतून ती पुन्हा जिंकली, तेव्हा गाडी तशी म्हातारी झालेली होती.

आता एक आपल्या जिव्हाळ्याची माहिती. स्ट्रॅटोसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २१८० मिलिमीटर. आपल्या मारुती ८०० चा किती? २१७५! पाच मिलिमीटरचा फरक. मारुतीच्या चाकांवर फेरारीचं इंजिन ठेवलंय अशी कल्पना करा, म्हणजे ही गाडी वळणावर कशी वागते ते कळेल.

मूळ स्ट्रॅटोसची किंमत आज लाखो पौंडांत आहे, म्हणजे आपला विषय नाही. पण ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून तिचे किट मिळतात. ट्रान्सफॉर्मर, हॉक, लिस्टर बेल ही त्यातली जाणकारांना माहीत असलेली नावं. चासी आणि फायबरग्लासची बॉडी किटवाल्याकडून घ्यायची. इंजिन-गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीतून काढायचे, तिला इथे 'डोनर' म्हणतात. बहुतेकांची पसंती अल्फा रोमिओ १६४ ला. तिच्यात व्ही-६ इंजिन पुढे आडवं बसवलेलं असतं आणि पुढची चाकं फिरवतं. ते सगळं गाठोडं जसंच्या तसं उचलून सीटच्या मागे ठेवलं, की झाली मागच्या चाकांवर चालणारी मिड-इंजिन गाडी! ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. कॉपी-पेस्ट करून प्रोजेक्ट होत नाही हे इंजिनिअरला वेगळं सांगायला नको, तरी तो विसरतोच.

आम्ही किट आणून जोडणार नव्हतो हे पहिल्या दिवशीच ठरलं. टेस्टरकाका म्हणाला, "तू डेडलाईन पाळत नाहीस आणि माझी पाठ दुखते." मुद्दा बिनतोड होता. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी जोडलेली गाडी घ्यायची. आणि इथेच या लेखाचा खरा विषय सुरू होतो, कारण तयार रेप्लिका घेणं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, डॉक्युमेंटेशन नसलेला लेगसी कोड विकत घेणं. आपण गाडी घेत नसतो, एका अनोळखी माणसाचे पाच-सात वर्षांचे वीकेंड घेत असतो. त्याने कुठल्या रविवारी कंटाळून काय जुगाड केलंय हे आपल्याला वर्षभराने एखाद्या हायवेच्या कडेला कळतं.

शेवटी दोन गाड्यांवर गाडी अडली.

पहिली दिसायला देखणी. लान्चिया बीटाचं चार सिलिंडरचं इंजिन, नाकावर लान्चियाचा बिल्ला, पांढऱ्या-हिरव्या-लाल अलितालियाच्या रंगात. आणि विकणाऱ्याचा हुकमाचा एक्का म्हणजे कागद. "नोंदणीवर ही लान्चियाच आहे, १९७९ ची!" म्हणजे काय, तर ज्या बीटाचं इंजिन काढलं तिचीच नोंदणी या गाडीला चिकटवलेली. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स पडत नाही आणि दरवर्षीच्या एमओटी तपासणीतूनही सहसा सूट मिळते. किंमत कमी, कर नाही, तपासणी नाही, वर कागदावर 'असली' लान्चिया. अजून काय पाहिजे?

दुसरी गाडी मळकट पिवळ्या रंगाची. अल्फाचं तीन लिटर व्ही-६. आत शिरलं की पेट्रोलचा वास. किंमत जास्त. आणि नंबर प्लेटवर पहिलंच अक्षर क्यू.

क्यू प्लेट हा ब्रिटिशांचा खास प्रकार आहे. ज्या गाडीचं वय किंवा ओळख नक्की सांगता येत नाही, जी वेगवेगळ्या गाड्यांच्या जुन्या भागांतून बनलीये, तिला सरकार क्यूने सुरू होणारा नंबर देतं. लोकांना तो आवडत नाही. विकताना किंमत पडते, काही विमावाले नाक मुरडतात. कपाळावर 'आईबाप माहीत नाहीत' असं लिहिल्यासारखं ते आहे.

मला पहिली गाडी हवी होती, हे कबूल करतो. दोन रात्री मी एक्सेल शीटवर हिशोब मांडत बसलो होतो आणि प्रत्येक वेळी पहिलीच जिंकत होती. टॅक्स वाचतो, तपासणी वाचते, आणि मुख्य म्हणजे बाबांना फोन करून सांगता येतं, "बाबा, कागदावर लान्चिया आहे, नकली नाही!"

टेस्टरकाकाने शीट बघितली आणि एकच प्रश्न विचारला. "त्या १९७९ च्या बीटाचं काय उरलंय या गाडीत?"

इंजिन आणि गिअरबॉक्स. बस. चासी नवी, बॉडी नवी. तेव्हाचा इथला नियम असा होता, की बदललेल्या गाडीने जुनी ओळख ठेवायची तर मूळ भागांचे किमान आठ गुण भरावे लागायचे, आणि त्यातले पाच एकट्या चासीचे असायचे. म्हणजे हिशोब कुठेच बसत नव्हता. उद्या कुणी नोंदणी तपासली तर ती रद्द होणार, गाडीला आयव्हीए नावाच्या मंजुरीच्या तपासणीला उभं राहावं लागणार, आणि तोपर्यंत ती रस्त्यावर आणायची नाही. या तपासणीत बाहेरच्या कडांचा गोलावासुद्धा मोजतात. अडीच मिलिमीटरपेक्षा धारदार कड चालत नाही, म्हणजे कुणाला धडकलीच तर निदान कापू नये!

पण टेस्टरकाकाचा मुद्दा कायद्यापुरता नव्हता. तो म्हणाला, "रेप्लिका असण्यात काही खोटं नाही. ही गाडी मात्र खोटं बोलते."

मला वाटतं बाबांना द्यायचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं होतं, फक्त शब्दांत मांडायला दोन वर्षं लागली.

नक्कल आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांना 'नकली' या एकाच शब्दात कोंबतो. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो. माती, पोती, दगड, वर अळीव पेरलेले, चिंचवडच्या सोसायटीत बनवलेला प्रतापगड. त्याला कुणी नकली किल्ला म्हणतं का? नाही, कारण तो प्रतापगड असल्याचा दावाच करत नाही. आणि तरीही तो करताना बुरूज कुठे येतो, तटबंदी कशी वळते, पायथ्यापासून वर जायची वाट कुठून निघते हे हाताला कळतं. मी प्रत्यक्ष प्रतापगडावर फार नंतर गेलो. पण गेलो तेव्हा वाट ओळखीची वाटली. नक्कल ही मुळाला दिलेली दाद असते. त्याच किल्ल्याची माती कुणी 'असली प्रतापगडाची' म्हणून विकायला लागला, तर तो मात्र नकली माल.

आम्ही पिवळी घेतली. माझ्या वाट्याची रक्कम सांगत नाही, पण पुण्यात वन-बीएचकेच्या बुकिंगसाठी जी बाजूला काढली होती त्यातला मोठा हिस्सा गेला. हे मी हलक्यात सांगत नाहीये. आईने पंधरा दिवस विषय काढला नाही, आणि आपल्याकडे आईने विषय न काढणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

आता मालकीबद्दल, कारण फोटो बघून "वॉव, ड्रीम कार!" म्हणणारे मित्र बरेच आहेत.

उन्हाळ्यात इंजिनची धग थेट पाठीत येते. एसी नाही. काच खाली घ्यायची तर ती दारातल्या खाचेतून तिरकी फिरवावी लागते. मागचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. पाऊस आला की उजव्या मांडीवर ठरावीक जागी थेंब पडतो. पेडल्स सरळ समोर नाहीत, गाडीच्या मध्याकडे सरकलेले आहेत (मूळ गाडीतही तसेच होते, चाकाची कमान मध्ये येते), त्यामुळे तासाभराने कंबर वाकडी. दारांत मात्र दोन भलेमोठे कप्पे आहेत, मूळ गाडीत ते हेल्मेट ठेवायला होते. आमच्याकडे एकात हातमोजे आणि दुसऱ्यात फ्यूजचा डबा असतो.

वायरिंगबद्दल काय बोलावं! आधीच्या मालकाने जवळजवळ सगळ्या वायरी लाल रंगाच्या वापरल्यात. सगळ्या! बहुधा लाल रंगाचं मोठं रीळ स्वस्तात मिळालं असणार. डावा इंडिकेटर लावला की कधीकधी पंखा सुरू व्हायचा. आम्ही तीन शनिवार बसून एकेक वायर मल्टिमीटरने शोधली, तिला चिठ्ठी लावली आणि नकाशा काढला. ऑफिसमध्ये कुठल्या मॉड्यूलचं डॉक्युमेंटेशन मी इतकं प्रेमाने लिहिलेलं नाही, हे टेस्टरकाकाने टीम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं.

आणि एकदा मी ती फिरवली. कौतुकाने सांगत नाहीये. ओलं राउंडअबाउट, वेग जेमतेम तीस मैल, मी मध्येच घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि पुढच्या सेकंदाला मी ज्या रस्त्याने आलो होतो तोच रस्ता समोर दिसत होता. कुणाला लागलं नाही, गाडीलाही नाही. एवढ्या आखूड व्हीलबेसला आणि मागे ठेवलेल्या वजनाला माफी नसते. मुनारी ही गाडी रात्री, बर्फात, घाटात चालवायचा. त्या माणसाबद्दलचा माझा आदर एका सेकंदात शंभर पटीने वाढला. म्युझियममध्ये काचेपलीकडची असली गाडी बघून हे मला कधीच कळलं नसतं. रेप्लिकाच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच. असली गाडी आता लाखो पौंडांची झाली, त्यामुळे क्वचितच कुणी ती पावसात काढतो. ती जपली जाते, आणि जी गोष्ट फक्त जपली जाते तिचं नेमकं काय विशेष होतं ते हळूहळू विसरलं जातं. ते चालू ठेवण्याचं काम आमच्यासारख्या पिवळ्या, मळकट, क्यू प्लेटवाल्या गाड्या करतात.

टेस्टरकाकासाठी तर हा हिशोब आणखी साधा आहे. सत्तरच्या दशकात वेल्सच्या जंगलात वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने आरएसी रॅलीत ही गाडी झाडांमधून जाताना बघितली. म्हणजे बघितली कमी, ऐकली जास्त. (आरएसी रॅली स्ट्रॅटोसला कधीच जिंकता आली नाही, हेही तो तितक्याच प्रेमाने सांगतो.) वडील गेले, तो आवाज राहिला. आमच्या गाडीत फेरारीचं इंजिन नाही, अल्फाचं आहे, आवाज तोच नाही. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी दर रविवारी चावी फिरवल्यावर तो दहा सेकंद काही बोलत नाही.

विरुद्ध बाजूनेही मुद्दे आहेत, ते टाळत नाही. पैसे परत येतीलच असं नाही. अपघात झाला तर बॉडीचे भाग आठ-आठ महिने मिळत नाहीत. विमा वर्षाला मोजक्या मैलांचा, आणि माझं वय बघून त्यांनी मागितलेला हप्ता इथे लिहिला तर आई वाचेल. आणि भारतात हे जवळजवळ अशक्य आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल बघता, उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपात मोठे बदल केलेली गाडी तिथे रस्त्यावर आणता येत नाही, मग शेडमध्ये जोडलेल्या गाडीचं तर नावच नको. म्हणजे मी परत गेलो तर माझी अर्धी गाडी इथेच राहणार. हे माहीत असून घेतली.

शेवटी बाबा.

बाबा तीस वर्षं एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा पहिले दोन दिवस गॅरेजकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मागचा अख्खा भाग उघडून ठेवला होता (या गाडीत पुढचा आणि मागचा भाग पेटीच्या झाकणासारखा उघडतो), तर चहाचा कप घेऊन आले आणि वाकून बघायला लागले. मग तेच वाक्य.

मी म्हटलं, "बाबा, दापोडीला तुम्ही काय करायचात?"

"बॉडी बांधायचो."

"आणि चासी?"

"टाटाची, लेलँडची यायची."

"मग ती लाल गाडी टाटाची का एसटीची?"

बाबा काही बोलले नाहीत. मी जोरात होतो, पुढे सांगत सुटलो, की मूळ स्ट्रॅटोसचं तरी काय, बॉडी बेर्तोनेकडे बनायची, इंजिन फेरारीचं, जोडणी लान्चियाच्या किवास्सोच्या कारखान्यात, पुढचा-मागचा भाग तिलाही फायबरचाच! असली म्हणजे तरी नेमकं काय?

"भाषण पुरे," बाबा म्हणाले. कप माझ्या हातात दिला आणि बिजागरीच्या बाजूला बोट लावून म्हणाले, "हा जोड कुणी केलाय? इथे वेल्डिंग घाईत मारलंय. तडा जाईल."

आम्ही बघितलं. केसाएवढा तडा खरंच गेला होता. आमच्या दोघांच्याही नजरेला तो दोन वर्षांत पडला नव्हता.

गाडी नकली आहे हे मत बाबांनी बदललेलं नाही. परवाच्या फोनवरही म्हणाले. पण त्यानंतर लगेच विचारलं, "तो जोड पुन्हा बघितलास का?"

बघितला. ठीक आहे. नाकावर बिल्ला अजून लावलेला नाही, आणि लावणारही नाही.

पाऊस थांबलेला दिसतोय. असो, निघतो.